एका गाडीचे व्हेरियंट किती असावेत?

संत्राबाग, वरुड

नमस्कार मंडळी. आंबिया बहराची बाग व्यापाऱ्याला दिली, पैसे हाती आले आणि यंदा गाडी घ्यायचीच असं घरात ठरलं. आईचं वय बहात्तर, दोन्ही गुडघे गेलेले, दर महिन्याला नागपूरला दाखवायला न्यावं लागतं. आजवर भाड्याची गाडी सांगत होतो. त्या गाडीत चढताना आईला दोन्हीकडून धरावं लागतं, ते आता पाहवत नाही.

मागच्या आठवड्यात बाबा, धाकटा भाऊ आणि मी अमरावतीला गेलो. काय पाहिजे ते निघतानाच वहीत लिहून नेलं होतं. मागच्या सीटवर एसीची हवा, कारण आई मागेच बसणार. मागच्या काचेला वायपर, कारण आमच्या वावरात जायला दीड किलोमीटर पांदण रस्ता आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, उन्हाळ्यात फुफाटा, अर्ध्या रस्त्यातच मागचं दिसेनासं होतं. तिसरं, ड्रायव्हरची सीट वरखाली होणारी, कारण भाऊ सहा फुटाचा आणि माझी बायको पाच फुटाची, आणि तिलाही यंदा चालवायला शिकायचं आहे. चौथं, स्टेपनी बाकीच्या चाकांच्या मापाची. वहीत एवढंच होतं.

शोरूमवाल्या मुलाने पत्रक पुढे केलं. पेट्रोल, सीएनजी, हाताच्या गिअरची, ऑटोमॅटिक, सगळे धरून मी मोजले तर एकाच गाडीचे सतरा व्हेरियंट, म्हणजे प्रकार, निघाले. एकाच्या मागे प्लस, एकाच्या मागे ओ, एकाच्या मागे एस. मागच्या एसीची जाळी तिसऱ्या पायरीला, सीट वरखाली चौथ्या पायरीला आणि मागचा वायपर थेट पाचव्या पायरीला, सनरूफसोबत. तिसरी पायरी नऊ लाख पंधरा हजार, पाचवी दहा लाख पंच्याहत्तर हजार, दोन्ही एक्स-शोरूम. म्हणजे मला एक वायपर आणि एक सीट पाहिजे म्हणून एक लाख साठ हजार जास्त मोजायचे, आणि त्यात छपराला खिडकी घ्यायची. बाबा मुलाला म्हणाले, "मले सांग बाप्पा, छप्पर उघडं कायले पाह्यजे? मे महिन्यात आमच्याकडे झाडाखाली बसवत नाही." मुलगा भला होता. म्हणाला, "काका, पॅकेज आहे, सुटं मिळत नाही."

येताना मला आमचा ट्रॅक्टर आठवत होता. तो घेतला तेव्हा विक्रेत्याने पहिला प्रश्न विचारला होता, "काम काय करता?" बागेत फवारणीचा ब्लोअर चालवतो म्हटल्यावर त्याने डबल क्लच घ्यायला लावला. ट्रॅक्टर थांबला तरी पीटीओ, म्हणजे ब्लोअरला फिरवणारा मागचा दांडा, फिरत राहतो, फवारणी तुटत नाही. स्टेअरिंग पॉवरचं की साधं, टायर १२.४ चा की १३.६ चा, ब्रेक तेलातले की कोरडे, एकेक गोष्ट आमच्या कामावरून ठरली. शोरूममध्ये मात्र माझं काम काय, रस्ता कसला, मागे कोण बसणार, हे कोणी विचारलं नाही. बजेट किती, एवढंच विचारलं.

माझं मत असं की एका मॉडेलचे दोनच व्हेरियंट असावेत, एक साधा, एक भरलेला. पण एवढ्या मोठ्या कंपन्या सतरा काढतात तर त्यामागे काहीतरी कारण असेलच. ज्यांनी या धंद्यात काम केलं आहे त्यांनी समजावून सांगावं.

जुना सेल्समन, यवतमाळ

भाऊ, मी नऊ वर्षं शोरूममध्ये होतो. आता घरची शेती पाहतो, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

सगळ्यात खालची गाडी जाहिरातीसाठी असते. "अमुक लाखांपासून सुरू" हा आकडा तिचा. सगळ्यात वरची फोटोसाठी असते, यूट्यूबवाल्यांना चालवायला देतात ती हीच. खरी विकायची असते मधली. माणूस खालचा आकडा डोक्यात घेऊन येतो, वरची पाहून मोहरतो आणि मधलीवर सही करतो. पायऱ्यांमधलं अंतर असं ठेवतात की दरवेळी "आणखी साठ हजारच तर" असं वाटावं. कर्जात ते साठ हजार महिन्याला हजार-बाराशे दिसतात. तुमच्या वहीतल्या गोष्टी वेगवेगळ्या पायऱ्यांवर विखुरल्या आहेत, त्या चुकून नाहीत. ज्या वस्तूसाठी माणूस एक पायरी चढेल ती त्या पायरीवर ठेवलेली असते.

आणखी एक हिशेब शोरूममध्ये कोणी आपणहून सांगत नाही. आपल्या राज्यात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स आहे, दहाच्या वर गेली की १२ टक्के, आणि तो पूर्ण किमतीवर. तुमच्या तिसऱ्या पायरीला तो साधारण एक लाख होतो, पाचवीला एक लाख एकोणतीस हजार. वर विमा वाढतो तो वेगळा. म्हणजे एक लाख साठ हजारांचा फरक रस्त्यावर येईपर्यंत दोन लाखांच्या जवळ जातो.

आता सतरा व्हेरियंटचा खरा त्रास कुठे होतो ते सांगतो. तो तुमच्या-माझ्यासारख्या तालुक्याच्या माणसाला होतो. पाच पायऱ्या धरा. पेट्रोल हाताची गाडी पाचही पायऱ्यांत, ऑटोमॅटिक वरच्या तिनात, सीएनजी मधल्या तिनात. झाल्या अकरा. रंग सहा. म्हणजे सहासष्ट प्रकारच्या गाड्या. आमच्या यार्डात जागा होती पस्तीस गाड्यांची, आणि त्यात कंपनीची बाकीची मॉडेलंही उभी असायची. पुण्या-मुंबईत चार शोरूम फिरून पाहिजे ती गाडी सापडते. यवतमाळला जे यार्डात उभं आहे तेच विकलं जातं.

त्यात आपल्या माणसाचा मुहूर्त ठरलेला. दसरा, धनत्रयोदशी, पाडवा. कापूस विकून येणारा जानेवारीत येतो आणि त्याला पैसे खर्च व्हायच्या आत गाडी दारात पाहिजे असते. वणीकडचे एक कास्तकार आले होते, मुलीच्या लग्नाआधी गाडी पाहिजे होती. पांढरी, मधली, सीएनजी. अकरा आठवडे थांबले. दर सोमवारी फोन करायचे आणि दर सोमवारी मी "येत आहे काका" म्हणायचो. शेवटी लग्नाच्या सहा दिवस आधी मी त्यांना यार्डात पडून असलेली वरच्या पायरीची पेट्रोल गाडी दिली, करड्या रंगाची. त्यांनी मुकाट्याने घेतली. त्यांना रोज साठ किलोमीटर जायचं होतं, सीएनजीचा हिशेब करून आले होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा माझं उत्तर तीन. दोनही कमी पडतात, कारण गिऱ्हाईक खरंच वेगवेगळं असतं, ते मी नऊ वर्षं पाहिलं आहे. २०२० मध्ये धुराच्या नव्या नियमाची, बीएस-६ बोलेरो आली तेव्हा बी-४, बी-६ आणि बी-६ ओ, एवढेच व्हेरियंट होते. गावातला माणूस पत्रक न पाहता सांगायचा की मला बी-६ पाहिजे. विकणाऱ्यालाही सोपं, घेणाऱ्यालाही.

बाई, आर्णी

दादा, तुमची वही वाचून बरं वाटलं. मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते, रोज जाऊन-येऊन छप्पन्न किलोमीटर गाडी चालवते. तुम्ही दोन व्हेरियंट म्हणता तेव्हा मला धास्ती वाटते की मग साधी गाडीच महाग होईल. माझी पहिली गाडी बेस, म्हणजे सगळ्यात खालची, होती म्हणून तर मला घेता आली. गाणी वाजवायचं यंत्र बाहेरून बसवलं, मागच्या काचा हाताने फिरवायच्या, काही बिघडलं नाही.

पण एक गोष्ट बिघडली होती. ती गाडी २०१७ ची होती. तिच्यात एअरबॅग नव्हती. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटमध्ये दोन होत्या. गाडी तीच, कारखाना तोच, रस्ता तोच, पण पैसे कमी दिले म्हणून माझ्या पुढ्यात काही नाही. दारव्हा रस्त्यावर एकदा रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला, मी शेतात उतरले, स्टेअरिंगवर आपटून दोन दात गेले. त्यानंतर मी हा विषय वाचत राहिले. जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारं एबीएस एप्रिल २०१९ पासून, ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली. त्याच जुलैपासून सीटबेल्टची आठवण देणारी घंटी आणि मागचे पार्किंग सेन्सरही आले. बाजूच्या सीटची एअरबॅग नव्या मॉडेलांना एप्रिल २०२१ पासून आणि जुन्यांना त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत. म्हणजे जीव वाचवणाऱ्या वस्तू व्हेरियंटच्या शिडीवरून खाली आणायला कायदा लागला. कंपन्या म्हणायच्या की गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही. अहो, बेसमध्ये ती विकतच मिळत नव्हती, तर मी पैसे देणार कशाला?

पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी सातला काचा आतून धुकटतात. मागच्या काचेचा डिफॉगर माझ्या गाडीत नाही, मागचा वायपर नाही. दिसणं ही चैन नाही. माझ्या मते व्हेरियंट चार काढा, सहा काढा, पण ब्रेक, एअरबॅग, दिवे आणि चारही बाजूंनी दिसणं, हे सगळ्यांत सारखं असलं पाहिजे. सीटचं कापड, पडद्याची लांबीरुंदी, छपराची खिडकी, यांवर काय पायऱ्या पाडायच्या त्या पाडा. आणि तुमच्या घरच्या ताईंना गाडी नक्की शिकवा. सीट वरखाली होणारी घ्याच, मी पाच वर्षं खाली उशी ठेवून चालवली आहे.

संत्राबाग, वरुड

बाई, दातांचं वाचून घरी सगळे गप्प झाले. दिसण्याबद्दल तुम्ही म्हणता ते मला मांडता आलं नव्हतं. वायपर पाहिजे म्हटलं की शोरूममध्ये आम्ही हौस मागतो आहोत असं वाटत होतं.

गॅरेजवाल्या कोणी भाऊंनी सांगावं, तिसरी पायरी घेऊन वायपर बाहेरून बसवता येतो का?

गॅरेज, हिंगणघाट

नका बसवू. मागच्या वायपरला मोटर लागते, दाराच्या पत्र्याला किंवा काचेला भोक लागतं, वॉशरच्या पाण्याची नळी छपराच्या कडेने मागे न्यावी लागते, वायर वेगळी. बेस गाडीत यातलं काहीच नसतं. एकाने हट्टाने करून घेतलं, पहिल्याच पावसात डिक्कीत पाणी. वायर कापली की कंपनी इलेक्ट्रिकची वॉरंटी नाकारते ते निराळं.

बाहेरून काय चालतं? सीट कव्हर, स्पीकर, रिव्हर्स कॅमेरा, जिथे वायर जोडायचा कपलर आधीच दिला आहे तिथे फॉग लॅम्प. कॅमेरा चिखलाने भरतो, फडकं जवळ ठेवा. सीट वरखाली करायची तर खालची सगळी चौकटच बदलावी लागते, त्या भानगडीत पडू नका. एअरबॅग आणि एबीएस तर कंपनीतूनच.

एसयूव्ही आणि हॅचबॅकची मागची काच उभी असते, गाडी पळते तेव्हा हवा मागे फिरून धूळ काचेवरच आणते. डिक्कीवाल्या लांब गाडीला तेवढा त्रास नाही. म्हणून वायपर मागता ते बरोबरच मागता.

आता चाकांबद्दल, कारण याकडे कोणी पाहत नाही. बहुतेक मॉडेलांत खालच्या व्हेरियंटला पंधरा इंची लोखंडी चाक असतं आणि वरच्याला सोळा किंवा सतरा इंची अलॉय. रबराची कड वरच्यात बुटकी होते. शहरात छान दिसतं. तुमच्या पांदणीत दगडावर बुटका टायर कडेला फाटतो, त्याला पंक्चर काढता येत नाही, टायर फेकावा लागतो. लोखंडी चाक वाकलं तर मी ठोकून सरळ करून देतो. अलॉयला तडा गेला की नवीनच. आणि अलॉयवाल्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी एक माप लहान, लोखंडी. मोर्शीच्या पुढे रात्री पंक्चर झाली की लहान स्टेपनीवर हळू यावं लागतं. म्हणजे टॉप मॉडेल घेऊन गावासाठी तुम्ही कमी लायक गाडी घ्याल, जास्त पैसे देऊन. हे माझ्याकडे रोज दिसतं.

पुसदचा, हल्ली चाकण

मी गाड्यांच्या कारखान्यात जोडणीच्या लाइनवर बारा वर्षं आहे. ही बाजूही ऐका.

ही भांडणं शंभर वर्षं जुनी आहेत. फोर्डने मॉडेल टी १९०८ साली काढली. १९१४ ते १९२५ या काळात ती फक्त काळ्या रंगात मिळायची, कारण एकच प्रकार असला की लाइन पळते आणि गाडी स्वस्त होते. झालीही. मग जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने १९२० च्या दशकात उलटी चाल केली. शेव्हरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत पायऱ्या लावल्या, ज्याचा जसा खिसा तशी गाडी, आणि दरवर्षी रूप बदलायचं. फोर्ड मागे पडली. तेव्हापासून कोणती कंपनी एका प्रकारावर राहायला तयार नाही. आपल्याकडे १९८३ ला मारुती ८०० आली, तिच्यातही लोक एसी की बिनाएसी एवढंच विचारायचे. पुढे एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय ही अक्षरं लोकांच्या तोंडी बसली. तीन पायऱ्या माणसाला पाठ होतात, सतरा होत नाहीत.

लाइनवर व्हेरियंट वाढले की सगळ्यात आधी वायरिंग हार्नेस वाढतात. म्हणजे गाडीभर पसरलेलं वायरींचं जाळं. एक मार्ग असा की सगळ्या गाड्यांत एकच, सगळ्यात भरलेला हार्नेस टाकायचा. मग बेसमध्ये न वापरलेले कपलर लोंबत राहतात आणि तांब्याचा खर्च फुकट जातो. दुसरा मार्ग, प्रत्येक व्हेरियंटचा वेगळा हार्नेस. मग साठा वाढतो आणि चुकीचा उचलला जाण्याची भीती. माझ्याच पाळीत एकदा एका प्रकारचा हार्नेस दुसऱ्याच गाडीत बसला. दिसायला सारखाच, एक कपलर जास्त. गाडी लाइनच्या शेवटी तपासणीत अडकली आणि डॅशबोर्ड पुन्हा उतरवावा लागला. त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही मी.

शिवाय प्रत्येक नव्या प्रकाराला नियमाप्रमाणे मंजुरी लागते, पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेकडून. पुढे वर्षानुवर्षं त्याचे सुटे भाग ठेवावे लागतात. हा सगळा खर्च कुठल्या ना कुठल्या गाडीच्या किमतीत बसतो. म्हणून लाइनवर काम करणाऱ्यांना विचाराल तर तेही तीनच म्हणतील. वाढवतात ते विक्रीवाले. समोरच्या कंपनीने दोन पायऱ्यांच्या मधोमध एक गाडी आणली की यांना त्या फटीत आपली एक पाहिजे असते.

दादा, तुमचा ट्रॅक्टरचा दाखला मी उद्या आमच्या साहेबांना सांगणार आहे. पण एक फरक लक्षात घ्या. क्लच, स्टेअरिंग, टायर हे बहुतेक यांत्रिक भाग, बदलले तरी बाकीच्याला धक्का लागत नाही. गाडीत आता सगळं एकमेकांशी वायरीने बांधलेलं आहे. चाळीस वस्तू सुट्या निवडू दिल्या तर लाइन थांबेल. दोन-तीन पॅक करता येतात. "खराब रस्ता पॅक" असा एक असावा, त्यात मागचा वायपर, पंधरा इंची चाक, पूर्ण मापाची स्टेपनी, इंजिनखाली जाड पत्रा. पुसदला आमच्या घरी हाच लागतो.

जुना सेल्समन, यवतमाळ

खराब रस्ता पॅक असता तर मी महिन्याला दहा विकले असते.

भाऊ, दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्याही पाहा. एकाच शिडीवर अडकू नका. आणि आता सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे, आधी सेस धरून २९ होता. जुन्या पत्रकावरचे आकडे धरू नका, नवं मागा.

संत्राबाग, वरुड

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनचा हट्ट मी सोडला. बाईंना परवडलेली गाडी माझ्या हिशेबात बसतच नव्हती. तीन पायऱ्या आणि पुसदच्या भाऊंचा पॅक, यावर आता आमच्या घरात एकमत आहे.

परवा नागपूरला आईची तारीख होती, तेव्हा तिलाच सोबत घेऊन दोन शोरूम पाहिले. वही माझ्या खिशात होती. अमरावतीला पाहिलेली गाडी तिथेही उभी होती. आई मागे बसली, पण उतरताना तिला खाली वाकून मग उठावं लागलं, आणि तिने दाराचा दांडा इतका घट्ट धरला की मला पुढचं विचारावंसं वाटलं नाही. दुसऱ्या कंपनीच्या गाडीत ती मी हात द्यायच्या आत आडवी सरकून बसली आणि तशीच उतरली. सीट तिच्या कमरेच्या उंचीची आहे. ही गोष्ट माझ्या वहीतही नव्हती आणि कुठल्या पत्रकातही नव्हती. बेसलाही तीच उंची, टॉपलाही तीच.

या गाडीचे चार व्हेरियंट आहेत. आम्ही दुसरा सांगितला. मागचा वायपर आहे, डिफॉगर आहे, ड्रायव्हरची सीट वरखाली होते, चाकं पंधरा इंची लोखंडी, एअरबॅग चारही व्हेरियंटला सहा. मागच्या एसीची जाळी नाही. तिथल्या मुलीने इंजिन सुरू करून एसी लावला, दहा मिनिटं आईला मागे बसवलं आणि विचारलं, "आजी, हवा येते का?" आई म्हणाली, "येते ना व माय." तरी मे महिन्यात काय होतं ते पाहावं लागेल, त्याची मला काळजी आहे. मागच्या काचांना जाळीचे पडदे लावून घेईन.

रंग पांढरा, पेट्रोल, पाच आठवडे सांगितले आहेत. निघताना डिक्कीची चटई उचलून स्टेपनी पाहिली. पंधरा इंचीच आहे.